शब्द सगळे माहीत आहेत, उतारा माहीत नाही: परदेशी विद्यार्थ्यांचं इंग्रजी वाचन

अक्षरगाठ | १४ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार. मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. पदवीच्या वर्गात बसण्याआधीचा हा पूर्वतयारीचा वर्ग. यंदा १८ जण आहेत. येमेन, सुदान, अफगाणिस्तान, मोझांबिक, ताजिकिस्तान. सगळ्यात लहान १९ वर्षांचा, सगळ्यात मोठी ३४ वर्षांची. बोलण्यात बहुतेक जण बरे आहेत. रिक्षावाले, घरमालक, मेसच्या काकू यांच्याशी इंग्रजी आणि मोडकंतोडकं हिंदी मिळून काम भागतं. घोडं अडतं ते वाचनापाशी.

काल पाणीटंचाईवरचा एक उतारा दिला होता, साधारण ४५० शब्दांचा. येमेनचा एक मुलगा पन्नास मिनिटं मान वर न करता बसला होता. अतिशय कष्टाळू आहे. जवळ जाऊन पाहिलं, तर प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात अरबी अर्थ लिहिलेले. पानावर पांढरी जागा उरली नव्हती. मी विचारलं, "उताऱ्यात काय सांगितलंय?" तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, शब्द सगळे माहीत आहेत. उतारा माहीत नाही."

नेमलेलं पुस्तक त्यांना जड जातं हे मला दिसतंय, पण वर्षभरात त्यांना अर्थशास्त्राची, औषधनिर्माणशास्त्राची पुस्तकं वाचायची आहेत. सोपं द्यावं तर वेळ कमी, अवघड द्यावं तर असं होतं. शिवाय आता मोबाईलचा कॅमेरा पानावर धरला की अख्खं पान त्यांच्या भाषेत दिसतं. तो बंद करायला लावू का? शिकवणाऱ्यांनी सांगाच, पण स्वतः परक्या भाषेत शिकलेल्यांनी जास्त सांगा. तुमचं वाचन नेमकं कधी सुटलं?

---

रानवारा | १४ जुलै, रात्री १०.३५

ताई, तुमच्या विद्यार्थ्याचं वाक्य वाचून मी माझाच चेहरा पाहिला. नागपूरला आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतोय. वाचनाच्या पेपरात ३ उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. उत्तरं उतरवून काढायला वेगळा वेळ नाही. मी तीन महिने शब्दांच्या याद्या पाठ केल्या. याद्यांमधला शब्द सुटा विचारलात तर अर्थ सांगतो. तोच शब्द उताऱ्यात लांबलचक वाक्याच्या मधोमध आला की थबकतो, आणि थबकलो की वाक्याची सुरुवात विसरतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ‘खरं, खोटं की दिलेलंच नाही’ या प्रश्नांत. शब्द ओळखीचे दिसले की मी ‘खरं’ लिहून मोकळा. लेखकाने ते म्हटलंय का, हे बघायला डोकं शिल्लकच राहत नाही.

---

कोकणकडा | १५ जुलै, सकाळी ६.१०

मी न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला असतो. इथे स्थलांतरितांना आणि परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतो, बारा वर्षं झाली. इथल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या पॉल नेशन यांनी वाचन आणि शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलं आहे. तुमच्या प्रश्नाचं मूळ त्यांच्या कामात सापडेल.

कुठलाही मजकूर कुणाच्या मदतीशिवाय समजायला त्यातले किती शब्द आधीपासून माहीत हवेत? भाषेच्या अभ्यासक बातिया लाउफर यांनी १९८९ साली ९५ टक्के हा आकडा मांडला. २००० साली हू आणि नेशन यांनी एका गोष्टीतले ठरावीक शब्द बदलून त्या जागी निरर्थक शब्द घातले आणि विद्यार्थ्यांना वाचायला दिली. ८० टक्के शब्द ओळखीचे असताना एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. बहुतेकांना नीट कळायला ९८ टक्के लागतात असं त्यातून निघालं. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी.

आकड्यांनी पटत नसेल तर खालचा मराठी परिच्छेद वाचा. यात ५२ शब्द आहेत आणि त्यातले ८ मी मनाने बनवलेत. म्हणजे तुम्हाला साधारण ८५ टक्के माहीत आहेत.

"आजी सकाळी उठली आणि तिने माडीवरचा तुंभा खाली आणला. बाहेर अजून झिरवट होतं. तिने तुंभ्यात थोडं खरमं घातलं, वर मडकंभर पाणी ओतलं आणि सुनेला हाक मारून म्हणाली, ‘आज गोरडं येणार आहेत, तेव्हा पडवी नीट लिचव. मागच्या वेळी कोंबळ राहिलं आणि माझी मान खाली गेली.’ सून काही बोलली नाही. तिने फक्त पदर हुंबळला."

आता सांगा, काय चाललंय?

---

मोहोर | १५ जुलै, सकाळी ११.२०

गोरडं म्हणजे पाहुणे! पडवी लिचव म्हणजे झाड किंवा सारव. झिरवट म्हणजे अंधुक.

---

निळीशाई | १५ जुलै, सकाळी ११.४८

मला गोरडं म्हणजे गुरं वाटली. तुंभ्यात पेंड कालवली, पडवीत बांधायची आहेत म्हणून ती साफ कर, असं चित्र उभं राहिलं. मान खाली गेली यावर मात्र अडले. गुरांसमोर कशाला मान खाली जाईल? तेव्हा मोहोरचं बरोबर असावं. तुंभा काय ते अजून कळलं नाही.

---

कोकणकडा | १५ जुलै, दुपारी १.०५

बघा, दोघींनीही किती सामान वापरलं. माडी, पडवी, सून-सासू, मान खाली जाणं, हे सगळं तुमच्याकडे आधीपासून होतं. क्रियापदाच्या प्रत्ययावरून ‘लिचव’ ही आज्ञा आहे हे तुम्हाला न शिकवता कळलं. तरीही एकीला पाहुणे दिसले आणि एकीला गुरं. अक्षरगाठताईंच्या विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नाही, आणि अनोळखी शब्द मात्र याहून जास्त आहेत. ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ असं आपण सर्रास सांगतो. पण संदर्भच कळत नसेल तर ओळखणार कशावरून?

मोबाईलबद्दल माझं मत: बंदी घालू नका, क्रम बदला. पहिलं वाचन मोबाईलशिवाय, दुसरंही. कॅमेरा तिसऱ्या वेळी, आणि तोही आपण काढलेला अर्थ पडताळायला.

---

तिसरीघंटा | १५ जुलै, रात्री ८.१५

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी लातूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलो. अकरावीला विज्ञान घेतलं तेव्हा सगळी पुस्तकं एकदम इंग्रजीत. माझ्याकडे सोपी पुस्तकं नव्हती, इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. होता एक शब्दकोश. रोज दहा शब्द, मागच्या दिवसाचे दहा परत, रविवारी आठवड्याचे सत्तर. दोन वर्षं खंड पडू दिला नाही. आज मी इंग्रजीत शोधनिबंध लिहितो. पाठांतराला नावं ठेवणारी माणसं बहुधा घरात पुस्तकांचं कपाट असलेली असतात, हा माझा अनुभव आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला यादीच वर काढते.

---

कोकणकडा | १६ जुलै, सकाळी ५.५५

तिसरीघंटा, राग कसला? तुमचं म्हणणं नेशन यांच्या मांडणीत बसतं. भाषेच्या अभ्यासाचे ते चार भाग करतात आणि चारांनाही सारखा वेळ द्या म्हणतात: समजेल असं वाचणं-ऐकणं, स्वतः बोलणं-लिहिणं, शब्द आणि व्याकरण मुद्दाम शिकणं, आणि जे येतं तेच भराभर करण्याचा सराव. शब्दांची कार्डं करून पाठ करणं तिसऱ्या भागात येतं आणि ते चांगलंच उपयोगी पडतं, हे ते ठासून सांगतात. तुम्ही रविवारी सत्तर शब्द परत करत होतात हे फार महत्त्वाचं. यादी एकदा वाचून सोडून देणारे हजारो असतात.

आणि तुमच्याकडे दुसरंही काहीतरी होतं. त्याच दोन वर्षांत तुम्ही भौतिकशास्त्राची, रसायनशास्त्राची इंग्रजी पुस्तकं रोज वाचत होतात ना? पाठ केलेले शब्द तिथे पुन्हा पुन्हा भेटत होते.

---

तिसरीघंटा | १६ जुलै, सकाळी ९.३०

खरं आहे. हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. रसायनशास्त्राचा धडा मी चार-चार वेळा वाचायचो. आवड म्हणून नाही, कळायचा नाही म्हणून.

---

जुनापूल | १६ जुलै, दुपारी ४.४०

मी साताऱ्याकडे ३१ वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीचे आमचे विद्यार्थी पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवायचे. त्या वेळच्या पुस्तकांत एका धड्यात मोजकेच नवे शब्द असत आणि पुढच्या धड्यांत ते परत परत येत. तरुणपणी मला ते पुस्तक नीरस वाटायचं. त्यातली मेहनत फार उशिरा लक्षात आली.

या विचाराची एक मुळी आपल्याच उपखंडातली आहे म्हणून लिहितो. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालमध्ये, ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते. बहुसंख्य बंगाली मुलं इंग्रजी शाळा अर्ध्यावर सोडतात हे त्यांनी पाहिलं. मधेच शाळा सुटली तरी हातात काहीतरी राहावं, ते कोणतं? त्यांचं उत्तर होतं वाचन. मग त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली, नवे शब्द अंतराअंतराने आणणारी वाचनपुस्तकं तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. ती जगभर वापरली गेली.

अक्षरगाठ, तुमचा तो विद्यार्थी प्रामाणिक आहे. पुष्कळ मुलं "कळलं" म्हणून मान हलवतात. न कळल्याचं जो सांगतो त्याला शिकवता येतं.

---

अक्षरगाठ | १७ जुलै, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनापूल सर, वेस्ट यांच्याबद्दल मला काहीच माहिती नव्हती.

दोन दिवसांत वर्गाकडे नव्याने पाहिलं आणि एक गोष्ट ठळक दिसली: एकच उतारा प्रत्येकाला वेगळ्या जागी अडवतो.

अरबी भाषकांचं बघा. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. शब्दाचा गाभा व्यंजनांत असतो. क-त-ब या तीन व्यंजनांतून किताब, कातिब, मकतब असे शब्द निघतात आणि वाचणारा व्यंजनांवरून शब्द ओळखतो. तीच सवय घेऊन तो इंग्रजीकडे येतो. ब्रेड, बर्ड, बोर्ड, ब्रॉड, बिअर्ड हे पाचही शब्द त्याच्या डोळ्याला ब-र-ड! ॲन रायन आणि पॉल मियारा यांनी १९९१ साली अरबी भाषकांवर याचा प्रयोग केला होता, की इंग्रजी शब्दातला एखादा स्वर गाळला तर त्यांच्या लक्षात येतं का. इतरांच्या मानाने त्यांच्या चुका बऱ्याच जास्त निघाल्या. मी इतकी वर्षं अशा चुकांना निष्काळजीपणा समजून लाल खुणा करत होते. याचं मला फार वाईट वाटलं. काल फळ्यावर ते पाच शब्द लिहिले आणि फक्त स्वर रंगीत खडूने काढले. सुदानची विद्यार्थिनी म्हणाली, "हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

मोझांबिकच्या मुलांची तऱ्हा उलटी आहे. त्यांचं शिक्षण पोर्तुगीजमधून झालेलं. त्यामुळे ‘ॲनालिसिस’, ‘कन्सेप्ट’, ‘एस्टॅब्लिश’ असे लॅटिन-ग्रीक वळणाचे भारदस्त शब्द त्यांना न शिकवता येतात, कारण त्यांच्याकडे ते थोड्या फरकाने आहेतच. अडतात कुठे? ‘पुट अप विथ’, ‘गेट ओव्हर’, ‘रन आउट’ अशा चिमुकल्या जोड्यांवर. म्हणजे पुस्तकात ज्याला ‘कठीण शब्द’ म्हणून चौकट घातली आहे ते त्यांना सोपे, आणि ज्याला सोपं समजून सोडून दिलंय तिथे त्यांची गाडी रुतते.

अवांतर: याच मुलांना मंडईत ‘बटाटा’, ‘चावी’, ‘पगार’, ‘घमेलं’ हे शब्द कानावर पडले तेव्हा ती थक्क झाली. आपल्याकडे हे पोर्तुगीजमधूनच आले. मग मीही त्यांना सांगितलं की इंग्रजीतला ‘मंगूस’ आमच्या मुंगसावरून गेलाय. त्या दिवशी वर्ग सुटायला अर्धा तास उशीर झाला.

---

मोहोर | १८ जुलै, सकाळी १०.०५

अक्षरगाठ, फार सुंदर लिहिलंस. माझा अनुभव सोप्या शब्दांनी फसवल्याचा आहे.

मँचेस्टरला समाजशास्त्रात एमए करायला गेले तेव्हा माझं इंग्रजी चांगलं आहे असं सगळे म्हणायचे. पहिल्या आठवड्यात वाचायला तीन लेख. त्यात दर पानावर लेखक ‘आर्ग्यू’ करत होते. मला वाटलं, ही माणसं एवढी भांडतात का? घरी ‘आर्ग्यू करू नकोस’ ऐकत वाढलेली मी. ‘आर्ग्यू’ म्हणजे कारणं देऊन मत मांडणं, हे कळायला महिना गेला. तसंच ‘सजेस्ट’. ‘पुरावे सजेस्ट करतात’ यात सल्ला कुणी कुणाला देत नाही, पुरावे एका बाजूला झुकतात एवढंच म्हणायचंय. ‘डाउट’चंही तेच. आपण शंका विचारायची असली की ‘डाउट आहे’ म्हणतो, तिथल्या सरांना वाटलं माझा त्यांच्या बोलण्यावर विश्वास नाही.

माहीत असलेल्या शब्दाचा अर्थ कुणी शोधत नाही. म्हणून तुझ्या वर्गात हे शब्द मुद्दाम घे. अनोळखी शब्द दिसतो तरी, हा दिसतच नाही.

---

अक्षरगाठ | १८ जुलै, दुपारी २.३०

मोहोर, अगदी हेच आमच्याकडे भाडेकराराच्या बाबतीत झालं! महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करार करतो त्याचं नाव ‘लीव्ह अँड लायसन्स’. माझ्या अफगाण विद्यार्थ्याने दोन्ही शब्द ओळखले. लीव्ह म्हणजे निघून जाणे, लायसन्स म्हणजे गाडी चालवायचा परवाना. त्याचा समज असा झाला, की घर सोडायचा परवाना घरमालक आजच लिहून घेतोय. बिचारा दोन दिवस बॅग भरून बसला होता. इथे ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी, हा जुना अर्थ कायद्याच्या भाषेत टिकून राहिलाय. त्याच्या सोबत बसून पूर्ण करार वाचला. आता मी तो करार वर्गातच वाचायला घेणार आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाला त्यावर सही करायची असते.

---

निळीशाई | १९ जुलै, रात्री ९.००

मी पुण्यातच जपानी शिकले, आता शिकवते. जपानीत ‘तादोकु’ म्हणजे पुष्कळ वाचणं. त्याचे नियम साधे आहेत: अगदी सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश बघू नका, कळलं नाही ते ओलांडून पुढे जा, आणि पुस्तक रमवत नसेल तर खाली ठेवून दुसरं घ्या. चौथा नियम मला सगळ्यात जड गेला. ताटात घेतलेलं संपवायचं हेच आपल्यावरचे संस्कार!

मी दोन वर्षं कांजींची (जपानीतली चिनी वळणाची अक्षरं) कार्डं घोकली आणि तरी वर्तमानपत्र वाचता येईना. मग ग्रंथालयातून अगदी पातळ, चित्रांची पुस्तकं आणून वाचायला लागले. पहिल्या महिन्यात काहीच शिकत नाही असं वाटलं. चाळिसाव्या पुस्तकाच्या आसपास असं झालं, की मी वाचत होते आणि पानातल्या मुलाची मला काळजी वाटली. भाषेकडे लक्षच नव्हतं. तू विचारलंस ना, वाचन कधी सुटलं? तेव्हा.

---

रानवारा | २० जुलै, सकाळी ८.२०

पण ताई, परीक्षा सहा आठवड्यांवर असेल त्याने चाळीस पातळ पुस्तकं कधी वाचायची? आणि एकूण शब्द तरी किती लागतात?

---

कोकणकडा | २० जुलै, दुपारी १२.४५

नेशन यांच्या २००६ सालच्या हिशोबाप्रमाणे कादंबऱ्या, वर्तमानपत्रं मदतीशिवाय वाचायला ८००० ते ९००० शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे ‘हेल्प’, ‘हेल्पर’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ हे सगळे मिळून एक. आकडा मोठा आहे, पण सुरुवातीचे शब्द फार कामाचे असतात. पहिले दोन हजार आले की कुठल्याही साध्या मजकुराचा मोठा भाग आटोक्यात येतो.

त्यापुढे विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी जवळची वाट आहे. इथल्याच ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी निरनिराळ्या विषयांतल्या सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक लेखनातून २००० साली ५७० शब्दकुटुंबांची यादी काढली. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांचा असतो. विषय कायदा असो की जीवशास्त्र. त्या यादीचे दहा भाग आहेत आणि सर्वाधिक वापरातले शब्द पहिल्या भागात आहेत. सहा आठवडे असतील तर पहिल्या तीन-चार भागांची कार्डं करा आणि रोज वीस मिनिटं तुम्हाला सोपं वाटेल असं इंग्रजी वाचा. मात्र एकाच विषयावरचं वाचा. एका बातमीचा आठवडाभर पाठपुरावा केलात तर तेच शब्द रोज भेटतात.

अक्षरगाठ, पोर्तुगीजवाल्यांना या यादीतलं बरंचसं फुकट मिळेल. अरबी, अफगाणिस्तानातली दारी, ताजिक बोलणाऱ्यांना नाही. तेव्हा सगळ्यांना एकच यादी देऊ नका.

---

जुनापूल | २० जुलै, सायंकाळी ६.१०

कार्डांसाठी एक सुचवतो. झेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात एक पेटी सुचवली होती. पेटीला पाच कप्पे. नवं कार्ड पहिल्यात. आठवलं तर पुढच्या कप्प्यात, विसरलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे क्रमाने उशिराने. मोबाईलवरची पाठांतराची साधनं हेच तत्त्व वापरतात. मी मुलांना मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडवे तुकडे लावून करायला लावायचो. हाताने लिहिलेलं कार्ड मुलांच्या जास्त लक्षात राहतं असं माझं निरीक्षण आहे.

कार्डावर सुटा शब्द नको. त्याचा सोबती लिहा. आपण चहाला ‘कडक’ म्हणतो, इंग्रजीत तो ‘स्ट्राँग’. आपला पाऊस मुसळधार, त्यांचा ‘हेवी’. आपलं एक ‘करणे’ गृहपाठालाही चालतं आणि चुकीलाही, त्यांना तिथे ‘डू’ आणि ‘मेक’ अशी दोन क्रियापदं लागतात.

---

अक्षरगाठ | २२ सप्टेंबर, रात्री १०.४०

दोन महिन्यांनी लिहितेय. धागा वर काढल्याबद्दल क्षमा करू नका, मुद्दाम काढलाय.

काय बदललं ते सांगते. तासाची पहिली पंधरा मिनिटं प्रत्येकाने आपापलं सोपं पुस्तक वाचायचं. मीही वाचते. या वेळात ना प्रश्न, ना मोबाईल. नेमलेल्या पुस्तकातला उतारा आठवड्याला एकच, पण तीन वेळा. पहिल्यांदा वाचून फक्त एका वाक्यात सांगायचं, हे कशाबद्दल आहे. दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाशेजारी दोन शब्द लिहायचे, आपल्या भाषेत चालतील. तिसऱ्यांदा शब्दांकडे वळायचं, आणि उताऱ्यातून सहाच शब्द उचलायचे. कुठले सहा यावर वर्गात मतदान होतं. हे मतदान मला सगळ्यात मोलाचं वाटतं. "हा शब्द पुन्हा भेटेल का?" यावर ते एकमेकांशी इंग्रजीत हिरिरीने वाद घालतात. मोहोरच्या अर्थाने ‘आर्ग्यू’ करतात.

सगळं सुरळीत झालेलं नाही. सुरुवातीला मी मुलांसाठीची चित्रांची पुस्तकं आणली होती. सुदानच्या विद्यार्थिनीने शांतपणे पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. ती ३४ वर्षांची, दोन लेकरांची आई, तिकडे परिचारिका होती. म्हणाली, "माझं इंग्रजी लहान आहे, मी लहान नाही." तिचं बरोबर होतं. भाषा सोपी आणि विषय मोठ्यांचा, अशी पायऱ्यापायऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं हवीत हे मला आधी सुचायला हवं होतं. आता तिला रुग्णालयातल्या सूचनापत्रकांपासून सुरुवात करून दिली आहे. तिथे ती वर्गात सगळ्यांच्या पुढे असते, कारण औषधं, जखमा, ताप या गोष्टी ती आमच्यापेक्षा जास्त जाणते.

दोघे जण अजूनही प्रत्येक शब्दावर अर्थ लिहितात. त्यातल्या एकाने सांगितलं, की न लिहिता पुढे गेलं तर फसवणूक केल्यासारखं वाटतं. त्याच्या शाळेत तसंच शिकवलं होतं. त्याला मी घाई करत नाही.

वेग मोजतो आम्ही, दर शुक्रवारी, माहितीच्या विषयावरच्या सोप्या उताऱ्यावर. जुलैत वर्गातले बरेच जण मिनिटाला ७०-८० शब्दांवर होते. आता ११०-१२० पर्यंत आलेत. आकलनाच्या दहा प्रश्नांत सात बरोबर आले तरच तो वेग वहीत लिहायचा, असा नियम त्यांनीच केला.

आणि तो येमेनचा मुलगा. गेल्या मंगळवारी पंधरा मिनिटं संपली, मी हातातलं पुस्तक मिटलं, सगळ्यांनी मिटलं, तो वाचतच होता. मी काही बोलले नाही. वर्ग थांबला. आणखी सहा-सात मिनिटांनी त्याने शेवटचं पान उलटलं, मागचं कोरं पान पाहिलं, परत शेवटच्या पानावर आला. मग वर बघून म्हणाला, "मॅडम, त्या माणसाने बहिणीला पत्र लिहायला हवं होतं." ६४ पानांचं पुस्तक. त्यात कुठेही पेन्सिलीची खूण नाही, मी नंतर पाहिलं.

आता अडचण अशी, की मोठ्यांसाठीची सोपी पुस्तकं माझ्याकडे २२च आहेत आणि १८ जण ती वाचून संपवत आलेत. पुण्यात कुणाकडे अशी जुनी पडून असतील तर सांगाल का? विकत घ्यायचीही तयारी आहे.

---

रानवारा | २३ सप्टेंबर, सकाळी ७.५०

ताई, ते बहिणीला पत्र वाचून डोळे भरून आले. माझी परीक्षा झाली, वाचनात हवे होते तेवढे गुण मिळाले. याद्या शेवटचे तीन आठवडे बंद केल्या होत्या, रोज एकाच विषयाच्या बातम्या वाचल्या. ‘दिलेलंच नाही’ हे उत्तर आता बिनधास्त लिहितो.

---

निळीशाई | २३ सप्टेंबर, सकाळी १०.३०

माझ्याकडे १४ पुस्तकं आहेत, भाच्याच्या क्लासची. तीन-चारांत पेन्सिलीने अर्थ लिहिलेत, ते खोडून ठेवते. कोथरूडला येऊ शकशील का? शनिवारी ४ वाजता?

---

तिसरीघंटा | २३ सप्टेंबर, दुपारी १.१५

मी पुण्यात नाही, पण दहा नव्या पुस्तकांचे पैसे माझ्याकडून धरा. नावं तुमच्या विद्यार्थ्यांना निवडू द्या. निरोप पाठवला आहे.

---

अक्षरगाठ | २३ सप्टेंबर, रात्री ९.२०

तिसरीघंटा, निरोप मिळाला. काय बोलू? यादी विद्यार्थीच करतील, उद्याच सांगते त्यांना.

निळीशाई, शनिवारी ४ चालेल. आणि ते अर्थ खोडू नकोस. कुणाच्या तरी हाताचे ते मराठी अर्थ वर्गाला दाखवायचेत मला. दोघे जण येतील माझ्यासोबत पिशव्या घेऊन.